मुकादम, नवरदेव आणि वैद्याचा कान

कागदाच्या गिरणीत दोनशे चौदा बेअरिंगं होती आणि त्यांतलं कुठलं आजारी आहे हे सांगणारा एकच माणूस होता. त्याची पद्धत साधी होती. हातभर लांबीची पोलादी सळई घ्यायची, तिचं एक टोक फिरत्या यंत्राच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग तो सांगायचा, हे अजून आठ दिवस काढेल. किंवा, याला तेल पाजू नका, याची वेळ भरली. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. म्हणून गिरणीत त्याला सगळे वैद्य म्हणत. पगाराच्या कागदावर दुसरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तो पटकन वळायचा नाही.

छत्तीस वर्षं त्याने फिटरकी केली आणि शेवटी डोळे गेले. काचबिंदू. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने उजेड खात येतो. डॉक्टरांनी थेंब दिले होते, सकाळी दोन, रात्री दोन. वैद्याने ते आठवेल तेव्हा घातले. यंत्राला वेळेवर तेल न घालणाऱ्या मदतनिसांना त्याने जन्मभर फैलावर घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यात दोन थेंब वेळेवर घातले नाहीत. हे तो स्वतः सांगतो. दुसऱ्याने सांगितलेलं त्याला चालत नाही.

आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. घरात तो भिंतीला हात न लावता फिरतो, स्वतःचा चहा स्वतः करतो, कप किती भरला ते आवाजावरून ओळखतो. पण दाराबाहेर पडलं की तो सामान होतो. कुणीतरी दंडाला धरतं, चढवतं, उतरवतं, बसवतं. लोक चांगलेच असतात. चांगुलपणाने माणसाला इकडून तिकडे ठेवतात.

फक्त एका ठिकाणी तो सामान नव्हता. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये.

शहराच्या संघाच्या मॅचला तो गिरणीत लागल्यापासून जात होता. डोळे गेल्यावर त्याने सोडून दिलं असतं, पण त्याचा साडू आडवा आला. हा साडू निवृत्त बस कंडक्टर. वैद्याची बायको थोरली, कंडक्टरची धाकटी. साडू-साडूंचं फारसं जमत नाही म्हणतात. यांचं जमायचं, कारण दोघांच्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या की यांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसायचं. कंडक्टर म्हणाला, तुम्ही नुसते बसा, मी सांगतो. चाळीस वर्षं थांब्यांची नावं सांगितली, मॅच सांगायला काय जातंय.

हॉलमध्ये अगदी खालच्या रांगेत, मैदानाला लागून, सहा जोडखुर्च्या होत्या. ज्यांना सोबतीशिवाय येता येत नाही त्यांच्यासाठी. एक खुर्ची त्याची, एक सोबत्याची. अर्ज एकच, सह्या दोन, आणि दर वर्षी नव्याने भरायचा. सोबत्याची सही नसेल तर जोडी यादीतल्या पुढच्या माणसाला जायची, आणि ती यादी सात वर्षांची होती. वैद्याच्या बायकोला एकदा नेऊन पाहिलं होतं. तिने पहिल्या अर्ध्या तासात समोरच्या तीन बायकांच्या कपड्यांचं वर्णन केलं, आणि गुण किती झाले विचारल्यावर म्हणाली, “मेला तो फळा सारखा बदलतो.” मुलगी दूरच्या गावी. गिरणीतला वेल्डर मागच्याच रांगेत बसायचा, पण त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणजे कंडक्टर होता म्हणून खुर्ची होती.

आणि कंडक्टर सांगायचा फक्कड. हळू आवाज, सपाट सूर, एकही शब्द जास्त नाही. मुकादम मधल्या रेषेवर. उजवीकडे. थांबला. शिडीला बोटाने आत बोलावलं. शिडी समोरच्याला आड उभा. मुकादम वळसा घालून आत. टाकला. गेला.

मुकादम म्हणजे त्या संघाचा पॉइंट गार्ड, चेंडू पुढे आणणारा आणि कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवणारा खेळाडू. अकरा वर्षं तो कप्तान होता. बुटका, रुंद खांद्यांचा, आवाज असा की तिकीट न काढता रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जावा. बोट दाखवायचा, ओरडायचा, चुकलेल्याला सगळ्यांसमोर झापायचा, आणि स्वतः शेवटच्या मिनिटापर्यंत पळायचा. गिरणीवाल्यांना तो आपल्यातला वाटायचा. नाव त्यांनीच ठेवलेलं. शिडी म्हणजे संघाचा सगळ्यात उंच गडी. नऊ वर्षं संघात होता आणि त्याने तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मुकादमाने दोन चषक आणले. मग गुडघे गेले आणि तो थांबला.

त्याच्या जागी जो आला तो तेवीस वर्षांचा. पहिल्या मॅचला मान खाली घालून मैदानात आला. सगळे त्याच्याकडे बघताहेत आणि तो कुणाकडेच बघत नाही. नर्सबाई म्हणाल्या, हा तर अगदी नवरदेव. नर्सबाई वेल्डरच्या शेजारी बसायच्या, आणि त्यांनी ठेवलेलं नाव पुसलं जात नसे.

नवरदेव ओरडत नव्हता. बोट दाखवत नव्हता. चेंडू हातात आला की तो दोन पावलांत दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. झालं, मागच्या रांगेत दर मॅचला मुकादम-नवरदेवाचा तराजू निघायला लागला. वेल्डर म्हणायचा, कप्तान कळतो कशावरून? पेटला प्रसंग की चेंडू कुणाच्या हातात असतो त्यावरून. मुकादम कधी लपला नाही. नर्सबाई म्हणायच्या, ओरडणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली मी तीस वर्षं काढली, ओरडण्याने जखम लवकर भरत नाही. वेल्डर विचारायचा, मग आपला नंबर पाचवा का? आणि नंबर पाचवाच होता.

कंडक्टर या वादात पडत नसे. तो फक्त सांगायचा. पण त्या वर्षी त्याचं सांगणं बिघडलं. नवरदेवाने चेंडू दिला. उभा आहे. अजून उभाच आहे. अक्षता पडायची वाट बघतोय.

मागची रांग हसायची. वैद्यही पहिल्यांदा हसला. मग त्याला ते खटकायला लागलं, कारण कानाला वेगळंच ऐकू येत होतं.

त्या लाकडी जमिनीचा तो आता जाणकार झाला होता. डाव्या कोपऱ्यात एक फळी पोकळ होती, तिथे चेंडू आपटला की भोपळ्यावर थाप मारल्यासारखं वाजायचं. बूट किंचाळले की कोण किती जोरात थांबलं ते कळायचं. मुकादमाच्या काळात पळणारे बूट एका जोडीचे असायचे, बाकीचे त्याच्या हुकमाची वाट बघत थांबलेले. आता पाचही जोड्या एकदम हलत होत्या. आणि एक नवाच आवाज येत होता. खोल, जरा घोगरा. समोरचा संघ चढाई करून आला की तो आवाज सांगायचा, डावीकडे आड येतोय, सोड, मी आहे. म्हणजे वाट अडवायला कुणी येतंय, तू तुझा गडी सोड, त्याला मी धरतो. मग दुसरा कुणी उत्तर द्यायचा. मग तिसरा.

वैद्याने मनाशी हिशोब बांधला. यंत्रात नवा भाग बसवला आणि यंत्रातून नवा आवाज यायला लागला, तर आवाज नव्या भागाचाच. छत्तीस वर्षांचा नियम. तेव्हा तो आवाज नवरदेवाचा. पोरगं बोलतंय, आणि आपल्या साडूला ते सांगायचं नाहीये.

हंगाम संपायला पाच मॅच उरल्या असताना अर्ज आला. वैद्याच्या बायकोने तो वाचून दाखवला, त्याने बोटाखाली पट्टी धरून आपली सही केली आणि पाकीट कंडक्टरच्या घरी पाठवलं. पाकीट परत आलं नाही. आठवड्याने धाकटी थोरलीला जे बोलली ते थोरलीने जेवताना वैद्याला सांगितलं. कंडक्टरचं आता मन लागत नाही. मुकादम गेला तेव्हाच खरं तर त्याचं जाणं संपलं होतं. हे वर्ष त्याने वैद्यासाठी रेटलं. पुढचं रेटवणार नाही.

वैद्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि पाणी प्यायला. बायको म्हणाली, एवढं काय, रेडिओ लावून देईन. तो हात धुवायला उठला. रेडिओ तर आजारी माणसालाही लावून देतात.

दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन, वाट मोजत, एकटा कंडक्टरच्या दारात गेला. चारशे दहा पावलं आणि एक रस्ता. कंडक्टरने दार उघडलं आणि आधी रस्त्याकडे बघितलं, कोण सोडून गेलं म्हणून. कुणीच नव्हतं.

वैद्याने विनंती केली नाही. विनंती त्याला यायचीच नाही. त्याने तक्रार केली. म्हणाला की तुम्ही मला अर्धी मॅच सांगता. चेंडू ज्याच्या हातात, तेवढंच. आणि नवरदेव सबंध वेळ बोलत असतो ते एकदाही सांगितलं नाहीत. कंडक्टर चिडला. चाळीस वर्षांत एकाही उतारूने, तुम्ही चुकीचा थांबा सांगितलात, असं त्याला म्हटलं नव्हतं. त्या पोराचं तोंड शिवल्यासारखं बंद असतं, तो म्हणाला, आणि मी आंधळा नाही.

वैद्य म्हणाला, “मी आहे. पण बहिरा नाही.”

तिथेच पैज ठरली. रविवारी सकाळी संघाचा सराव प्रेक्षकांना खुला होता. गर्दी नाही, भोंगे नाहीत. वैद्याने आवाज ओळखायचा, कंडक्टरने बघून सांगायचं. आवाज नवरदेवाचा निघाला तर कंडक्टर सही करणार. नाही निघाला तर वैद्य परत विषय काढणार नाही. खोटं कुणी बोलायचं नाही.

रविवारी हॉलमध्ये वीस-पंचवीस लोक होते. जमीन नुकतीच पुसलेली, तिचा ओला वास येत होता. वैद्य आपल्या खुर्चीत पुढे वाकून बसला, कोपरं गुडघ्यांवर, मान तिरकी, जशी सळई धरताना असायची. संघाने आपसात दोन गट केले. पहिली काही मिनिटं नुसते बूट आणि चेंडू. मग आला. डावीकडे आड येतोय. सोड, मी आहे.

वैद्याने हात उचलला. “हा. हा कोण?”

कंडक्टरने उत्तर द्यायला वेळ लावला. वैद्याला वाटलं जिंकलो. पुन्हा तो आवाज आला, पुन्हा वैद्याने हात उचलला, पुन्हा कंडक्टर गप्प. तिसऱ्यांदा मात्र तो बोलला, आणि त्याच्या सुरात जिंकलेल्याचा तोरा नव्हता.

“साडू, तो नवरदेव नाही. नवरदेवाचं तोंड बंद आहे. तो शिडी आहे.”

वैद्याला आधी ते खरं वाटेना. पण कंडक्टर खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता, आणि बोलायचंच असतं तर इतका वेळ लागला नसता. वैद्य मागे टेकला. छत्तीस वर्षांत त्याचं निदान दहा-बारा वेळा चुकलं असेल. प्रत्येक वेळ त्याला आठवत होती. ही त्यांत जमा झाली.

पैज हरली ती हरली. बाहेर पडताना त्याने कंडक्टरचा दंड धरला आणि सांगितलं की अर्ज फाडून टाका, मी परत काही म्हणणार नाही. कंडक्टर नुसतं हं म्हणाला. बसथांब्यावर बाक ओला होता, म्हणून दोघे उभेच राहिले. बसला उशीर होता, आणि कंडक्टरने सवयीप्रमाणे ती किती मिनिटं उशिरा आहे ते सांगितलं.

वैद्याच्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं होतं. चूक नेमकी कुठे झाली ते सापडल्याशिवाय त्याला कधी झोप यायची नाही. आणि उभ्या उभ्या त्याला ती सापडली. नवा भाग बसवला की नवा आवाज येतो, हे बरोबर. पण तो नव्या भागाचाच असतो असं नाही. चांगलं बेअरिंग नीट बसलं तर ते गप्प असतं. त्या जागचा खडखडाट थांबला की शेजारचं जुनं काय म्हणतंय ते पहिल्यांदा ऐकू येतं. हे तो शिकाऊ फिटरांना सांगायचा. स्वतः विसरला.

आणि त्यापाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली. ती तो विसरला नव्हता, फक्त कुणाला सांगितली नव्हती. बस येईपर्यंत त्याने ती कंडक्टरला सांगितली. सहीसाठी नाही. सहीचा विषय संपला होता.

डोळ्यांच्या ऑपरेशनला तो अकरा दिवस दवाखान्यात होता. नवव्या दिवशी गिरणीत कागद वाळवणाऱ्या मोठ्या फिरत्या रुळाचं बेअरिंग जळालं. रूळ अडकला, कागदाचं मैलभर लांब भेंडोळं झालं, एका मदतनिसाचा हात कोपरापर्यंत भाजला. वैद्य परत आल्यावर त्याने चौकशी केली. तेव्हा कळलं की तीन माणसांनी तो आवाज आधी दोन दिवस ऐकला होता. तिघांनाही कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. तिघांपैकी कुणी बोललं नाही.

“का नाही बोलले, विचारलं मी. तर म्हणाले, आम्हाला वाटलं वैद्य आले की बघतील.” त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. “सळई मी कुणाच्या हातात दिलीच नव्हती, साडू. एखादा म्हणाला की हे वाजतंय, तर मी म्हणायचो, तुला काय कळतं. खरंच कळायचं नाही त्यांना. पण मी छत्तीस वर्षं हेच म्हटल्यावर कळणार कसं? मी गिरणीचा मुकादम होतो. चांगला होतो. मी होतो तोवर एक रूळ जळाला नाही. आणि मी नव्हतो तर नऊ दिवस निघाले नाहीत.”

बस आली. कंडक्टरने त्याला चढवलं नाही. पायरी किती उंच आहे तेवढं सांगितलं आणि मागे उभा राहिला.

शेवटच्या मॅचला दोघे गेले, ठरलेलं होतं म्हणून. जिंकलो-हरलो तरी नंबर पाचवाच राहणार होता. तरी हॉल भरला होता. वेल्डरने मागून वैद्याच्या खांद्यावर थाप मारली आणि विचारलं, पुढच्या वर्षी याच खुर्च्या ना? वैद्य म्हणाला, बघू. कंडक्टरने घसा साफ केला.

मॅचचे पहिले तीन क्वार्टर तो नेहमीसारखं सांगत राहिला. थट्टा मात्र नव्हती. नवरदेवाने चेंडू दिला एवढंच म्हणायचा आणि पुढे जायचा. चौथ्या क्वार्टरमध्ये घासाघीस सुरू झाली. दोन गुण यांचे, दोन त्यांचे. शेवटची वीस सेकंदं उरली तेव्हा आपण एका गुणाने मागे होतो आणि चेंडू नवरदेवाकडे होता.

वेल्डर मागे पुटपुटत होता, टाक, स्वतः टाक. नवरदेवाने टाकला नाही. कंडक्टरच्या तोंडून आलं, आत दिला. शिडीला. मोकळा आहे. वर गेला. आणि पुढे जे झालं ते त्याला सांगावं लागलं नाही. कडीचा टणत्कार आणि हजार माणसांचा एकच सुस्कारा. चेंडू त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हाताला लागून बाहेर गेला. पंचांनी शिट्टी मारली. चेंडू पुन्हा आपलाच, नऊ सेकंदं शिल्लक.

हॉल गप्प झाला होता. राग आलेल्या माणसांची जी शांतता असते ती. त्या शांततेत, मैदानाच्या कडेपासून दहा-बारा हातांवर, वैद्याला तो घोगरा आवाज ऐकू आला. मोठा नव्हता. विनवणीही नव्हती.

“परत मला दे.”

वैद्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. अकरा वर्षांत, तो मोजत गेला, अकरा वर्षांत चुकलेल्या कुणी चेंडू परत मागितला होता का? मुकादमाने चुकलेल्याला चेंडू दिलाच नसता. आणि त्याच्या धाकाने कुणी मागितलाही नसता. नवरदेवाने उत्तर दिलं की नाही ते ऐकू आलं नाही. शिट्टी वाजली, बूट किंचाळले, पाचही जोड्या.

कंडक्टर सांगत नव्हता. वैद्य वाट बघत राहिला. एक सेकंद, दोन, तीन. शेजारून शब्दच नाही. तो म्हणणार होता, साडू, सांगा की. मग त्याच्या लक्षात आलं की शेजारची खुर्ची उलटून आपोआप बंद झाली आहे. कंडक्टर उठून उभा होता. चाळीस वर्षं सपाट सुरात थांबे सांगणारा तो माणूस एकदम ओरडला, “वर, शिडी, वर!”

धप्प आवाज झाला. दोन अंगं एकमेकांवर आदळल्याचा. पुन्हा शिट्टी. फाउल. शिडीला दोन फ्री थ्रो मिळाले होते, एकेका गुणाचे. पहिला गेला. बरोबरी. दुसरा कडीवर नाचला आणि बाहेर पडला.

जादा पाच मिनिटं खेळवण्यात आली. त्या पाच मिनिटांत कंडक्टरने जे सांगितलं तितकं वाईट त्याने आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. वाक्यं अर्धी राहत होती. शिडी मागे आलाय, नाही, तो दुसरा, थांबा, चेंडू कोपऱ्यात, आणि नवरदेव, नवरदेव कुठे गेला? अहो, तो चेंडूच्या जवळपासही नाही. तो तिकडे त्यांच्या त्या आडदांडाला अंगावर घेऊन उभा आहे. म्हणून शिडीला वाट मिळतेय. हा मघापासून हेच करतोय. हा वर्षभर हेच करत होता का?

वैद्य म्हणाला, “मला कसं माहीत असणार? मला तुम्ही सांगायचं.”

आपण चार गुणांनी हरलो.

हॉल रिकामा होईपर्यंत दोघे बसून राहिले. नेहमीचंच, गर्दीत धक्के नकोत म्हणून. मागे तराजू लगेच बाहेर आला होता. वेल्डर तावातावाने म्हणत होता की मुकादम असता तर त्याने शेवटचा चेंडू दुसऱ्याला दिलाच नसता. नर्सबाईंनी विचारलं, आणि त्याचा चुकला असता तर? वेल्डर म्हणाला, चुकला असता तरी मुकादमाचा चुकला असता, मग मला एवढं लागलं नसतं. मग त्याने कंडक्टरला विचारलं, कारण कंडक्टर मुकादमाचा माणूस हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं की नाही?

कंडक्टर म्हणाला, “नसता दिला. खरं आहे. मुकादमाने दोन चषक आणले आणि या पोराने एकही आणलेला नाही, तेही खरं.” एवढं बोलून तो थांबला. वेल्डरला वाटलं संपलं, आणि तो कोट चढवायला लागला. तेव्हा कंडक्टर पुढे म्हणाला, “पण नऊ वर्षं मी शिडीला रोज बघितलं, आणि तो मुका आहे असं समजत होतो.”

वेल्डरने वैद्याकडे बघितलं. वैद्याला ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी तो बोलणार नव्हता. शब्द दिलेला होता.

सगळे गेल्यावर कंडक्टरने कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. त्याची सरसर वैद्याने ओळखली, कागदाच्या गिरणीतला माणूस तो. अर्ज फाडला नव्हता. चौपदरी घडी केलेला होता, आणि घड्या मऊ झाल्या होत्या, म्हणजे बरेच दिवस खिशात होता.

कंडक्टर म्हणाला की पैज तुम्ही हरलात, ती हरलातच. ही सही पैजेची नाही. मग त्याने आपली अडचण सांगितली. एका माणसाकडे बघत राहिलं तर मॅच सांगता येते. तेच त्याला येत होतं, आणि मुकादम होता तोवर तेवढं पुरत होतं. आज पाच मिनिटं पाचही जणांकडे बघायला गेला तर जिभेला गाठी पडल्या. वैद्याला अर्धी मॅच सांगितली हा आरोप खरा निघाला, आणि तो त्याला झोंबला होता. हे येत नाही तोवर सोडलं तर ते पळून जाणं झालं.

“एका हंगामात येईल?” त्याने विचारलं.

वैद्याने विचार केला. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. “मला पहिलं बेअरिंग ओळखायला दीड वर्ष लागलं.”

कंडक्टरने गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. पेन नीट चालेना, म्हणून त्याने ती दोनदा गिरवली.

हंगाम संपल्यावर मैदानं रिकामी होतात. पण विणकर बायकांचा एक संघ होता, तो उन्हाळाभर आपल्या कापड कारखान्यामागच्या सिमेंटच्या पटांगणावर खेळायचा. बुधवारी संध्याकाळी हे दोघे तिथे जाऊन बसायला लागले. प्रेक्षक तेवढेच. त्या बायकांना आधी संशय आला, मग त्यांनी ओळखलं की एक म्हातारा शिकतोय आणि दुसरा शिकवतोय, आणि त्या आपल्या खेळत राहिल्या. कंडक्टर पाचही जणींचा माग ठेवायचा प्रयत्न करायचा. पहिल्या बुधवारी त्याने सहा जणी सांगितल्या. दुसऱ्या बुधवारी चार. वैद्य मध्येच थांबवायचा, उजवीकडे कुणीतरी जोरात पळालं, ती कोण? कंडक्टर म्हणायचा, पळालं का कुणी? मग पुन्हा बघायचा.

चौथ्या बुधवारी त्याने एक सबंध चढाई सांगितली. कुणी दिला, कुणी घेतला, कोण आड उभी राहिली, कोण रिकामीच धावून समोरच्या दोघींना बरोबर घेऊन गेली, आणि शेवटी चेंडू कुणी टाकला. सगळं जुळलं. वैद्याच्या कानाने शब्दन् शब्द पारखला आणि कुठेही खडखड सापडली नाही.

“पुन्हा,” तो म्हणाला.